अहल्येचं उठणं

"आतून कडी लाव," इराताई केतकीला म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघताच, "अन्नू, समूहाच्या मुलींना गच्चीवर ने. आज हॉलमध्ये कुणी नको मला."

नानू गुरव कोपऱ्यात मृदंगाला कणीक लावत बसला होता. 'कुणी' म्हणजे आपण नव्हे, अशी त्याची समजूत.

"तूही," इराताई म्हणाल्या.

"मी? मग ठेका कोण धरणार?"

"मी काठीने धरीन."

नानू मृदंग काखेत मारून बाहेर आला. आमच्या मागे दार लागलं आणि कडी सरकल्याचा आवाज आला.

"अन्नूताई, वरमाईलाच मांडवाबाहेर काढलं म्हणायचं हे. आत शिजतंय तरी काय?"

"तालीम आहे," मी म्हटलं.

"तालमीला कडी कधीपासून?"

 आतून काठीचा ठोका आला, मग फरशीवर कुणी आदळल्याचा धप्प आवाज, आणि लगेच इराताईंचा शब्द, "पुन्हा."

ही बडोद्यातली गोष्ट. दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीत कुस्तीचा एक जुना आखाडा होता. तिथली तांबडी माती उपसून, फरशी घालून पाठारे मास्तरांनी आपलं बॅले युनिट काढलं होतं. मास्तर वारले आणि कमिटीने इराताईंना कलासंचालिका केलं. इरावती दिघे हे नाव तेव्हा नाचातलं ओ की ठो न कळणाऱ्यालाही माहीत होतं. त्या दिल्लीत नाचल्या, मॉस्कोत नाचल्या. परत आल्या तेव्हा त्यांना उतरवून घ्यायला स्टेशनवर घोड्यांची बग्गी गेली होती. आणि हे सगळं मुख्यतः एका भूमिकेवर. अहल्येच्या.

मास्तरांनी बसवलेल्या त्या बॅलेत अहल्या बराच वेळ शिळा होऊन पडलेली असते. अंगावर करडं कापड, गुडघे पोटाशी, कपाळ जमिनीला. आम्ही आश्रमातल्या बायका तिच्याभोवती पाणी भरतो, फुलं वेचतो, तिच्यावर धुणंसुद्धा वाळत घालतो. मग रामाचं पाऊल लागतं आणि ती उठते. इराताई उठायच्या त्या अशा: डावा हात जमिनीला टेकायचा, अंग सावकाश वर यायचं, पण उजवा पाय यायचा नाही. तो मागेच राहायचा, जड, तेवढाच अजून दगड असल्यासारखा. त्याला फरफटवत ती बाई रामाकडे जायची. मृदंग थांबलेला असायचा. अंधारात हुंदके ऐकू यायचे. शाप सुटला तरी दगड सुटत नाही, असं कुणी कुणी वर्तमानपत्रांतून लिहिलं. आमच्यात त्या चालीला नावच पडलं होतं, ओढ. गल्लीतल्या पोरी अंगणात ओढ घालायच्या, युनिटमधल्या मुली जिन्यात घालायच्या.

मी सकाळी अंथरुणातच ज्या पाच जणींची नावं घेते, त्यांतलं पहिलं अहल्येचं. ते घेताना माझ्या डोळ्यांपुढे इतकी वर्षं इराताईंचा तो मागे राहिलेला पाय यायचा.

मी त्यांची बदली होते. त्या आजारी पडल्या तर मी उभं राहायचं, म्हणून सगळी भूमिका मला पाठ. त्या कधी आजारी पडल्या नाहीत. पस्तिशीच्या आतच गुडघ्यामुळे त्यांना नाच सोडावा लागला, आणि तेव्हापासून 'अहल्या' बंदच होती. आता संक्रांतीनंतर ती पुन्हा उभी राहणार होती, आणि भूमिका मिळाली होती केतकीला. केतकी माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, नाचासाठी नवसारीहून माझ्याकडे येऊन राहिलेली. माझ्या देवघरासमोरच ती पहिल्यांदा घुंगरू बांधून उभी राहिली होती.

आमच्याकडे नाच लिहून ठेवायची रीत नव्हती. एका अंगातून दुसऱ्या अंगात जायचं ते. म्हणून मास्तरांचा एकच नियम होता, बसवलेलं पाऊल बदलायचं नाही. मुद्रेत करंगळी जरा इकडची तिकडे झाली तरी ते तालीम थांबवायचे. त्यामुळे कडीच्या आत काय चाललंय याची मला काळजी असायचं कारण नव्हतं. देणाऱ्या इराताई, घेणारी केतकी. तरी मला गच्चीवर मुलींकडे लक्ष देता येईना. कान खालीच.

पंधरा-वीस दिवसांनी कडी निघाली. इराताई म्हणाल्या, "आज सलग."

आम्ही पाणी भरलं, फुलं वेचली, धुणं वाळत घातलं. रामाचं पाऊल लागलं. नानूने सवयीने हात वर धरून मृदंग थांबवला. आणि केतकी उठली ती एकदम. हात जमिनीला टेकला नाही, पाय मागे राहिला नाही. पाण्याखाली दाबून धरलेला भोपळा हात सुटताच वर यावा, तशी ती आली आणि दोन्ही पायांनी चालत सरळ रामापुढे जाऊन उभी राहिली. नानूचे हात हवेतच.

"बाई," तो म्हणाला, "माझा थांबा?"

"काढून टाक. आता थांबा नाही."

"आणि ओढ?"

"वाजव पुढे."

मुली एकमेकींकडे बघत होत्या. मी केतकीकडे बघितलं, तिने मान खाली घातली. इराताई मात्र उठून तिच्याजवळ आल्या, वाकल्या आणि तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या अंगठ्याने दाबून बघितल्या. 

चहाच्या वेळी नानू माझ्याशेजारी टेकला. "माझी आजी सुनेला पुरणपोळी शिकवायची ना, अन्नूताई, तेव्हा सगळं दाखवायची. डाळ किती, गूळ किती, पुरण कधी वाटायचं. फक्त जायफळ घालताना म्हणायची, 'जा गं, दारात कोण आलंय बघ.'"

"उगीच काहीतरी बोलू नये, नानू."

"मी आजीबद्दल बोलतोय," तो म्हणाला आणि बशीत चहा ओतून घेतला.

त्याच आठवड्यात युनिटच्या दर्शनी भिंतीवरचा फोटो गेला. ओढीचाच फोटो होता तो, दारातून आत आलं की पहिला दिसणारा. इराताईंनी तो उतरवून घेतला. विचारल्यावर म्हणाल्या, वाळवी लागली आहे. मी सामानाच्या खोलीत जाऊन पाहिला. जुन्या पडद्यात गुंडाळून, तोंड भिंतीकडे करून ठेवला होता. चौकट खणखणीत, वाळवीची एक रेघसुद्धा नाही.

रोज पोथीचा अध्याय वाचल्याशिवाय मी तोंडात पाणी घालत नाही. त्या दिवसांत माझे डोळे ओवीवरून चालायचे आणि पान संपलं की काय वाचलं ते आठवायचं नाही. तीच ओवी पुन्हा वाचायची, पुन्हा तेच. संशय हा पाहुणा नव्हे, तो एकदा आला की घरचाच होतो. इराताई केतकीला चहा द्यायच्या तरी मला वाटायचं, का दिला? तिला लवकर घरी पाठवायच्या तरी वाटायचं, का पाठवलं? समूहातली कुणी मुलगी केतकीशी कोपऱ्यात बोलायला लागली की इराताईंची काठी वाजायचीच, "काय चाललंय तिथे?" केतकीला एकटी म्हणून सोडायच्या नाहीत. जपतात म्हणावं, तर जपणारं माणूस असं पहारा देत नाही.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी मी कलश मांडत होते तेव्हा बापूसाहेब सुर्वे घरी आले. हे कमिटीचे अध्यक्ष. दारातच चपला काढून, देवीला लांबून हात जोडून ते खुर्चीवर बसले.

"अन्नपूर्णाबाई, सरळ विचारतो. मुलगी उठते ते मूळ आहे का?"

"मी पहिल्या प्रयोगाला नव्हते, बापूसाहेब. मी दुसऱ्या वर्षी आले. मी पाहिली ती ओढच."

"आम्हीही ओढच पाहिली. सगळ्या बडोद्याने ओढ पाहिली. उद्या लोक काय बघायला येणार आहेत? ओढ! आणि या बाई मुलीला उठाबशा काढायला लावल्यासारखं उठवतायत." त्यांनी आवाज खाली आणला. "वय झालं की किल्ल्यांचा जुडगा घट्ट होतो कमरेला. आपल्यामागे आपल्यासारखी दुसरी होऊ नये, हे कुणाला वाटत नाही? माझ्या आईलासुद्धा वाटायचं."

मी कलशात पाच पानं खोचली. सहावं हातात राहिलं.

"तुम्ही बदली होता. ओढ तुम्हाला येते. तुम्ही द्या मुलीला. प्रयोगात तिने घातली की इरावतीबाई काय करणार आहेत, स्टेजवर येऊन पाय धरणार तिचा?"

"त्यांना न सांगता?"

"सांगून झालंच मग! आणि हे बघा, पुढेमागे संचालकपदाचा विचार झाला, तर कमिटी तुम्हाला विसरणार नाही."

मी त्यांना साखर घातलेलं दूध दिलं. ते त्यांनी उभ्याउभ्याच संपवलं. गेल्यावर मागे वळून पाहिलं तर स्वयंपाकघराच्या दारात केतकी.

"ऐकलंस सगळं?"

"मावशी, शिकव ना मला." ती येऊन माझ्यासमोर बसली. "मी त्यांना विचारलं होतं. म्हटलं, ओढ कधी? म्हणाल्या, 'तो तुझा विषय नाही.' माझा नाही तर कुणाचा गं? अहल्या मी आहे ना?"

"त्या काही विचार करूनच..."

"कसला विचार? रोज गुडघे दाबून बघतात माझे, बाजारात बैल बघतात तसे. लोक वाट बघत असतील, मावशी. मी उठेन, आणि ते तसेच वाट बघत राहतील. पहिलाच प्रयोग माझा. मग आयुष्यभर म्हणतील, अहल्या इरावतीबाईंची, ही आपली भरतीची." तिचे डोळे भरले. "माझ्यात ते नाहीच, असं वाटत असेल का त्यांना?"

मी तिला जवळ घेतलं. त्या दिवशी आरती होईपर्यंत माझं ठरलं होतं. मी शिकवणार. पण चोरून नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल रिकामा असताना मी आत गेले. इराताई खिडकीशी स्टुलावर बसल्या होत्या, उजवा पाय लांब सोडून, मांडीवर काठी.

"इराताई, केतकीला मी ओढ शिकवणार आहे. तुम्हाला न सांगता शिकवली असती तर मला अन्न गेलं नसतं, म्हणून सांगायला आले."

"बापूसाहेब आले होते का तुझ्याकडे?"

"हो."

"काय म्हणाले? मी जळते?"

"हो. मलाही तेच वाटतं."

"तुझं बोलणं कधी ऐकू येत नाही बाई. मोठ्याने बोल."

"मलाही तेच वाटतं," मी मोठ्याने म्हटलं. रिकाम्या हॉलमध्ये ते फारच मोठं ऐकू आलं.

त्या रागावल्या नाहीत. काठी भिंतीला टेकवून ठेवली. "दाखव," त्या म्हणाल्या.

"काय?"

"कशी शिकवणार ते दाखव. माझी ओढ मी कधी पाहिलेली नाही. तुझ्याकडे तरी बघू दे."

मी पदर खोचला. घुंगरू नाहीत, मृदंग नाही. फरशीला कपाळ लावून पडले, मनात रामाचं नाव घेतलं आणि डावा हात टेकला. अंग वर आलं. उजवा पाय मागे ठेवला, सगळा भार डावीकडे घेऊन पुढे सरकले. काही विसरले नव्हते. एक पाऊल, मग आणखी एक, आणि डाव्या खुब्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढे पिवळं झालं. मी मटकन खालीच बसले.

"हलू नकोस," इराताई म्हणाल्या. स्टुलाला धरून, भिंतीला धरून त्या माझ्यापर्यंत आल्या आणि कशाबशा माझ्याशेजारी फरशीवर बसल्या. "खुबा कधीपासून दुखतो?"

"पुष्कळ दिवस झाले. प्रदक्षिणा घालताना धरतो. वयच आहे आता."

"वय कसलं? माझ्याहून लहान तू. बदली म्हणून ओढ किती घातलीस?"

"रोजच. घरीसुद्धा. नीट जमावी म्हणून."

"नीट जमली होती," त्या म्हणाल्या. "मी लंगडत होते, अन्नू. तू धडधाकट पायांनी लंगडायला शिकलीस."

मला समजलं नाही. 

"मास्तरांनी बसवलं होतं ते केतकी उठते ना, तेच. हात टेकायचा नाही. दगडातून बाई एका श्वासात वर आली पाहिजे, असं म्हणायचे ते. महिनोन् महिने घासलं होतं मी ते. पहिला प्रयोग दोन-तीन दिवसांवर आला आणि तालमीत चौथऱ्यावरून उडी घेताना माझ्या गुडघ्यात कट् झालं. उठताच येईना. तिकिटं गेलेली, महाराजांकडची मंडळी यायची होती. मास्तर म्हणाले, हात टेक आणि ऊठ, पाय मागे राहिला तर राहू दे, करड्या कापडात काही दिसत नाही. मी तशी उठले. आणि लोक रडायला लागले."

"आणि मग?"

"मग वर्तमानपत्रात आलं. दगड सुटत नाही, वगैरे. मास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, हेच ठेवू." इराताईंनी आपल्या लांब सोडलेल्या पायावरची साडी सारखी केली. "डॉक्टर म्हणाले होते, पायाला विश्रांती द्या, गुडघा पहिल्यासारखा होईल. पण दर प्रयोगाला तो पुन्हा तसाच पिरगाळायचा. बरा व्हायला सवडच मिळाली नाही त्याला. मॉस्कोत मी सुई टोचून घेऊन नाचले. त्यांनीही टाळ्या वाजवल्या."

"तुम्ही 'नको' का म्हणाला नाहीत?"

"टाळ्या मलाही हव्या होत्या की." त्या म्हणाल्या. "मास्तर वाईट नव्हते. त्यांना लोक रडताना दिसत होते. समोर रडणारी माणसं असली की मागे कोण कण्हतंय ते ऐकू येत नाही."

माझ्या मनातलं आता एकेक करून उलटं व्हायला लागलं, दाराची कडी, भिंतीकडे तोंड केलेला फोटो. मी विचारलं, "दार लावून का शिकवलंत?"

"दार उघडं ठेवलं असतं तर तुमच्यापैकी कुणीतरी तिला ओढ घालून दाखवलीच असती. जिन्यात घालतात, गच्चीवर घालतात. मला तिच्या डोळ्यांसमोर ती नको होती."

"मग तिला हे सांगा, इराताई. ती रडते. तिला वाटतं, तुम्ही तिच्यापासून राखून ठेवता आहात."

"तिला सांगायचं नाही. तूही नाही."

"का?"

"तू आपल्याकडच्या मुली ओळखत नाहीस का? गुरूचं दुखणं कळलं की त्यांना माया येते. नमस्कार म्हणून ओढ घालील ती. माझी आठवण म्हणून एकदा घालील, मग लोक रडतील, मग रोज घालील. तिच्यामागून तिची शिष्या. मी जळते असं वाटू दे तिला. माझा राग येऊ दे. रागावलेली मुलगी माझी नक्कल करणार नाही."

"लोक तुम्हाला नावं ठेवतील."

"बग्गीतून मिरवले तेव्हा माझं कौतुक केलं ते याच लोकांनी, आणि तेही चुकीच्याच गोष्टीसाठी." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "शब्द दे, अन्नू."

मी दिला. मग आम्ही दोघी उठायला गेलो तर कुणालाच उठता येईना. माझा खुबा, त्यांचा गुडघा.

"नानूला हाक मारू?" मी विचारलं.

"मार. म्हणजे जन्मभर सांगत सुटेल, दोन अहल्यांना मी उठवलं."

मला हसू आलं, त्यांनाही आलं. शेवटी एकमेकींच्या दंडांना धरून, कण्हत, एकदा परत खाली बसून, आम्ही कशाबशा उभ्या राहिलो.

घरी गेल्यावर केतकी दारातच उभी. "विचारलंस? काय म्हणाल्या?"

"मी शिकवणार नाही," मी म्हटलं.

 ताट वाढलं तेव्हा ती म्हणाली, "तुलाही घाबरवलं वाटतं त्यांनी." आणि त्या दिवसापासून तिने मला ओढीबद्दल विचारलं नाही, दुसऱ्याही कशाबद्दल फारसं विचारलं नाही. एका घरात राहून आम्ही जपून बोलायला लागलो.

प्रयोगाच्या दिवशी नगरगृह भरलं. बापूसाहेब विंगेत आले आणि माझ्या कानाशी लागले, "काम झालं ना?"

"मुलगी मास्तरांनी बसवलं तसंच करणार आहे," मी म्हटलं.

त्यांनी समाधानाने मान हलवली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.

रामाचं पाऊल लागलं तेव्हा सगळं नगरगृह पुढे सरकलं. खुर्च्या कुरकुरल्या त्या मला ऐकू आल्या. केतकी उठली. मी तिला इतक्या वेळा उठताना पाहिलं होतं, पण त्या दिवशी तिच्यात राग होता, आणि त्या रागाने ती अशी वर आली की शेजारच्या रामाने एक पाऊल मागे घेतलं. मी विंगेत हात जोडले. मास्तरांच्या डोक्यात होतं ते इतक्या वर्षांनी पहिल्यांदा माणसांसमोर आलं होतं.

एकही टाळी पडली नाही. लोक वाट बघत होते. ती रामापुढे पोचली, नमस्कार केला, नाचायला लागली, तरी ते वाटच बघत होते. मग कुजबुज झाली. पडदा पडताना टाळ्या वाजल्या, नाही असं नाही. पण नऊवारी नेसलेल्या एक वृद्ध बाई बाहेर पडताना सुनेला म्हणाल्या, "पोरगी गुणाची आहे गं. पण इरावतीने हातचं राखूनच शिकवलं हो." बापूसाहेब माझ्याजवळून गेले ते न बघताच. इराताई दोन पावलांवर उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि शाल नीट करून त्या खाली रिक्षा बघायला गेल्या.

मेकअपच्या खोलीत मी केतकीच्या तोंडाला खोबरेल लावत होते. तिने डोळे मिटून घेतले होते.

"उठले तेव्हा टाळी नाही आली," ती म्हणाली.

"शेवटी आली की."

"शेवटी सगळ्यांनाच येते." तिने माझा हात बाजूला केला, डोळे उघडले. "मावशी, एकच विचारते. नंतर कधी विचारणार नाही. त्यांनी माझ्यापासून काहीतरी राखून ठेवलं. हो की नाही?"

कापूस माझ्या बोटांत होता, त्याला राखाडी रंग लागला होता. मी तो टाकून दुसरा घेतला.

"हो," मी म्हटलं. "ठेवलं."

"मला माहीतच होतं."

तिने स्वतःच तोंड पुसलं, घुंगरू पिशवीत भरले. "त्यांच्या रिक्षातून मी येणार नाही. मी जाते पायी." मी हाक मारेपर्यंत ती जिन्यात होती. दोन-दोन, तीन-तीन पायऱ्या उड्या मारत ती उतरली, लाकडी जिना वरपर्यंत हलला.

मी खिडकीशी गेले. फाटकाशी इराताई रिक्षात बसल्या होत्या. केतकी त्यांच्यासमोरून, नमस्कार न करता, पिशवी छातीशी धरून पळत गेली. इराताईंनी तिला हाक मारली नाही. रिक्षातून बाहेर वाकून त्या तिच्या पायांकडे बघत राहिल्या, ती वळणापलीकडे जाईपर्यंत.